नकोमास्तरांची परीक्षा

माझ्या वडिलांना मुलं आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण खेळणी घडवणारा माणूस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या मिशांचा, नातवंडांना मांडीवर घेऊन बसलेला एक प्रेमळ म्हातारा उभा राहतो. बाबांना मिशा नाहीत. मांडीवर त्यांनी मला कधी घेतल्याचं आठवत नाही, आणि माझी स्मरणशक्ती चांगली आहे, विशेषतः वाईट गोष्टींच्या बाबतीत. त्यांना अहो-जाहो करते ती सवयीनं. त्यात कुणी आदर शोधत बसू नये.

त्यांनी उभं आयुष्य खेळण्यांच्या एकाच कारखान्यात काढलं. सुरुवात बाहुल्यांचे डोळे रंगवण्यापासून झाली आणि शेवट नमुन्यांच्या खोलीत, जिथे नवीन खेळणं पहिल्यांदा लाकडात घडवलं जातं. तिथे सगळे त्यांना नकोमास्तर म्हणत. कुणी नमुना घेऊन आलं की बाबा तो उलटा करत, त्याची कड खालच्या ओठावरून फिरवत आणि म्हणत, "नको." ओठावरून अशासाठी, की पोर खेळणं आधी तोंडात घालतं, आणि बोटांना न लागलेलं कुसळ ओठाला लागतं. कड पास झाली तरी सुटका नसे. "ह्यातला एक भाग काढ," ते म्हणत. समोरचा बिचारा चाकं काढून आणी. "अजून एक काढ." तो शेपूट काढी. असं करता करता खेळण्यातला जीवच जाई, नुसता ठोकळा उरे. मग बाबा म्हणत, "आता शेवटचा काढलेला भाग परत बसव. झालं तुझं खेळणं." तोवर त्या माणसाच्या नाकी नऊ आलेले असत आणि खेळणं खरोखरच चांगलं झालेलं असे.

हसरं तोंड त्यांना अजिबात खपत नसे. रंगकाम करणाऱ्या बाई सगळ्या बाहुल्यांना सवयीनं लाल हसू काढायच्या, आणि बाबा ते ओल्या फडक्यानं पुसायचे. "बाहुली आधीच हसत बसली तर पोरानं करायचं काय? ती रुसलीय की दमलीय, हे पोरानं ठरवायचं. तोंड कोरं ठेवा." बाई एकदा वैतागून म्हणाल्या, "मास्तर, मग तुमच्याच तोंडावरून साचा घेऊ या. कोरंच निघेल." बाबा सोडून सगळे हसले. ही गोष्ट मला आईनं सांगितली, आणि ती सांगताना तीही हसली नव्हती, फक्त तिनं दाराकडे एकदा पाहिलं होतं.

चीड आणणारी गोष्ट ही, की त्यांचं बरोबर असायचं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. आईबाप फ्रेमा लावून आरशात बघत असतात तेव्हा त्यांची पोरं माझ्या पायाशी खेळत असतात. बटण दाबलं की गाणारं, दिवे लावणारं खेळणं घेऊन आलेलं पोर जरा वेळानं माझी काउंटरवरची फडकी ओढायला लागतं. बाबा म्हणत, खेळणं बोलायला लागलं की पोर मुकं होतं. ते मी रोज डोळ्यांनी बघते, आणि रोज मला वाटतं, हे दुसऱ्या कुणीतरी म्हटलेलं असायला हवं होतं.

हे शहाणपण त्यांना कुठून आलं, ते ते स्वतःच कौतुकानं सांगतात. त्यांची आई एका बड्या घरी पोर सांभाळायला जायची आणि त्यांना बरोबर न्यायची. दुपारभर त्या घरच्या पोराच्या खेळण्यांशी त्यांना खेळता यायचं. आगगाडी होती, सैनिक होते, किल्ली दिली की पोहणारं बदक होतं. निघायची वेळ झाली की आजी काही न बोलता त्यांच्यापुढे हात पसरायची, ते हातातलं खेळणं तिच्या तळव्यावर ठेवायचे आणि ती ते फळीवर परत लावून टाकायची. रडायची सोय नव्हती. रडलं तर मालकीणबाई दुसऱ्या दिवसापासून पोराला आणू नको म्हणाल्या असत्या, किंवा आजीलाच येऊ नको. मग घरी जाताना रस्त्यानं ते रिकाम्या हातानं आगगाडी चालवत जायचे. "तिथे मी शिकलो," बाबा सांगतात. "खेळ खेळण्यात नसतो. खेळणं काढून घेतल्यावर पोराच्या हातात जे उरतं, तो खेळ."

हे ऐकून भल्याभल्यांचे डोळे भरून येतात. माझे येत नाहीत. सासूनं छळलेली सून स्वतः सासू झाली की काय करते, हे घरोघरी ठाऊक आहे. बाबांनी तर त्याचं शास्त्र केलं.

ते शास्त्र असं. नवीन नमुना तयार झाला की तो माझ्याकडे यायचा. मी त्यात बुडून जाईपर्यंत बाबा थांबायचे. मला वाटायचं विसरले, ह्या खेपेला विसरले. ते विसरत नसत. खेळ अगदी रंगात आला की ते समोर येऊन उकिडवे बसायचे आणि हात पुढे करायचे, तळवा वर. बोलायचे नाहीत. घरात ह्याला परीक्षा म्हणायचे, जणू मी शाळेचाच अभ्यास करत होते. मी खेळणं दिलं आणि भोकाड पसरलं, तर खेळणं नापास. सगळा खेळ त्या वस्तूतच अडकला होता, हातात काही उतरलं नाही, असा त्याचा अर्थ. मी खेळणं दिलं आणि माझे रिकामे हात तोच खेळ पुढे खेळत राहिले, तर खेळणं पास, आणि दुसऱ्या दिवशी ते कारखान्यात जायचं. पास होवो की नापास, मला ते परत मिळायचं नाही.

नापास खेळण्याचं काय व्हायचं हेही सांगायला हवं. स्वयंपाकघरामागे पत्र्याची खोली होती. बाबा ते तिथे नेऊन शिकंज्यात, लाकूड धरायच्या लोखंडी पकडीत, आवळायचे आणि करवतीनं कापायचे. वाईट खेळणं जगात राहता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. कुणाला द्या, माळ्यावर ठेवा, असलं काही त्यांना मंजूर नव्हतं. मी स्वयंपाकघरात आईच्या पदराशी उभी राहून तो आवाज ऐकायचे. एकदा त्यांनी एक अस्वल कापलं. अस्वलाला तोंड नव्हतं, बाबांच्या कुठल्याच प्राण्याला नसायचं, पण त्याची मान जरा खाली घातलेली होती, आणि शिकंज्यात ते तसंच मान खाली घालून उभं होतं. ते अस्वल मला आवडलं होतं. मी त्याच्यासाठी खरं रडले होते, म्हणून ते मेलं.

त्या दिवशी मी कानाला खडा लावला. त्यानंतर जे खेळणं मला आवडायचं, त्याला मी रडले नाही. बाबांचा हात पुढे आला की मी ते मुकाट द्यायचे आणि रिकाम्या हातांनी खेळ चालू ठेवायचे, त्यांना दिसेल असा. आत काहीही होवो. निदान ते जिवंत राहायचं, दुकानात जायचं, कुणाच्यातरी घरी जायचं. जे आवडलं नाही त्याच्यासाठी मात्र मी बेंबीच्या देठापासून रडायचे. ते कापलं गेलं तर माझं काय जात होतं? कारखान्याच्या मालकाला वाटायचं माल मास्तर ठरवतात. मास्तरांना वाटायचं परीक्षा ठरवते. आणि ठरवायचे मी, दात पडलेली पोर. मोठी झाल्यावर कितीतरी वर्षं मी ह्या एका गोष्टीवर जगले. बाबांनी माझं सगळं काढून नेलं, पण त्यांच्या डोळ्यांत धूळ मी फेकली. ह्याबद्दल मी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

त्यातलं सगळ्यात जिवाचं होतं तीन पायांचा घोडा. तीनच पाय, आणि तेही असे, की एकटा सोडला तर तो पडायचा. त्याला भिंतीला टेकवावं लागे, नाहीतर पायाला, नाहीतर दुसऱ्या कशाला तरी. त्यामुळे त्याला सोडून जाता यायचं नाही, जाताना आधी त्याची सोय करावी लागायची. आता मला कळतं की हे किती हुशारीचं होतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की तो माझ्याशिवाय पडेल. टेबलाखाली मी त्याला माझ्या गुडघ्याला टेकवून बसले होते तेव्हा बाबांचा हात आला. मी घोडा दिला. मग मी टेबलाखालून रिकामा हात दौडवत बाहेर आले, पार दारापर्यंत गेले आणि परत आले. आई ताट वाढत होती. ती म्हणाली, "चल गं बाई, जेव आता," आणि तिनं मूग गिळले, नेहमीसारखे.

तो घोडा खूप खपला. अजूनही खपतो, आता प्लॅस्टिकचा करतात. थोडी मोठी झाल्यावर मी एकदा धीर करून बाबांना म्हटलं, "दुकानातला एक आणा ना मला." ते कानस पुसत होते. म्हणाले, "तुला कशाला? तुझ्या हातात आहे की." चेष्टा करत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं.

मी लग्न होऊन ह्या शहराच्या दुसऱ्या टोकाला आले ती बरीचशी त्यामुळेच. नवरा बस चालवतो, त्याची पहाटेची पाळी असते, आणि तो हसरा आहे. बाबांच्या हिशेबात नापास. आम्हाला पाच वर्षांची मुलगी आहे. तिला आम्ही भोंगा म्हणतो. भात गरम लागला की भोंगा वाजतो, बूट उलटे घातले की वाजतो, चंद्र ढगाआड गेला तरी वाजतो. जिन्यातली सगळी बिऱ्हाडं तिच्या आवाजावर घड्याळ लावत असतील. शेजारीण म्हणते, जरा धाक लावा. मी हो म्हणते आणि लावत नाही.

आई गेल्यावर बाबा एकटेच राहत होते. मध्यंतरी पत्र्याच्या खोलीच्या उंबऱ्याला अडखळून पडले आणि खुबा मोडून घेतला. दवाखान्यातून त्यांना आमच्याकडे आणण्यावाचून इलाज नव्हता. भाऊ नाही, बहीण नाही, सगळं देवानं माझ्याच गळ्यात बांधून ठेवलेलं. खाटेवर त्यांची उशी ठेवतानाच मी त्यांना सांगितलं, "बाबा, माझी एकच अट आहे. भोंग्यावर परीक्षा करायची नाही. तिला काही द्यायचं असेल तर द्या. दिलं की ते तिचं."

"असं कसं?" ते म्हणाले. "मग कळणार कसं?"

"नाही कळलं तरी चालेल."

"कुणाला चालेल?"

"मला."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, ऐकलं असावं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही हे मला कुणी सांगायला हवं होतं असं नाही, पण माणूस आशा करतो.

चालता यायला लागल्यावर त्यांनी आमची गॅलरी घेतली. कपडे वाळत घालायच्या दोरीखाली स्टूल, जुना शिकंजा, कानशी, आणि सगळ्या धुतलेल्या कपड्यांवर भुसा. कारखान्याच्या नव्या व्यवस्थापकबाईंनी त्यांना म्हटलं होतं, एखादा शेवटचा नमुना द्या, तुमच्या नावानं काढू. ह्या 'शेवटच्या'नं ते पेटले होते. जेवायला बोलावलं तरी येत नसत. भोंगा गॅलरीच्या दाराच्या काचेला नाक लावून बघत उभी राहायची आणि मी तिला ओढून आत आणायचे.

जे तयार झालं ते एक जनावर होतं, कुठलं ते सांगता येणार नाही असं. मुठीत मावेल एवढं, गुळगुळीत, पाठ जरा वाकलेली. आत पोकळी करून तेलात एक लोखंडी गोळी सोडली होती. पोटावर ठेवलं की काही होत नसे. आपण बघणं सोडणार, इतक्यात ते हळूहळू एका कुशीवर वळायचं, झोपेत वळावं तसं, आणि स्थिर व्हायचं. बस. एवढंच करायचं ते.

"पाहिलंस?" बाबांनी विचारलं.

"छान आहे," मी म्हणाले आणि दोरीवरचे कपडे काढून घेऊन आत गेले.

मग त्यांची भुणभुण सुरू झाली. पोरीला दोन दिवस दे. एक दिवस दे. नुसती दुपार दे. परीक्षेशिवाय नमुना पाठवायचा म्हणजे चाखल्याशिवाय वाढायचं. मी म्हणाले, उपाशी राहू देत लोकांना. ते म्हणाले, तू लहानपणापासून अशीच हट्टी. ह्याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा. आमचं भांडण इतकं वाढलं की मध्ये पडायला म्हणून नवरा म्हणाला, "बाबा, माझ्यावर करा परीक्षा. मी काय कमी पोर आहे?" आणि बाबांनी खरंच केली. नवऱ्यानं ते जनावर टेबलावर ठेवलं, ते वळेपर्यंत वाट पाहिली, त्याच्यावर हातरुमालाचं पांघरूण घातलं, वर अंगाईही म्हणाला. बाबांनी हात पुढे केला. नवऱ्यानं जनावर दिलं आणि खदाखदा हसला. "हा माणूस निरुपयोगी आहे," बाबा मला म्हणाले, त्याच्यासमोरच.

एक गोष्ट मी त्यांच्यापासून लपवली. रविवारी ते अंघोळीला गेले होते आणि मी गॅलरीत कपडे झटकत होते. ते जनावर कठड्यावर होतं. मी ते पोटावर ठेवलं आणि बघत राहिले. ते वळलं. मी परत ठेवलं. चार वेळा, पाच वेळा, किती ते माहीत नाही. कुठलाही आवाज नाही, तोंड नाही, डोळे नाहीत, आणि तरी मला वाटत होतं की हे फार दमलंय, ह्याला उठवू नये. मला त्यांचा इतका राग आला. असा माणूस असं काही करू शकतो, आणि ते करण्यासाठी त्याला असाच माणूस असावं लागतं की काय, ह्याचा राग. नळ बंद झाला तशी मी जनावर जिथल्या तिथे ठेवून आत आले.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी आमच्या दुकानासमोर रस्ता खोदला आणि वीज गेली. मालकांनी शटर ओढलं. मी घरी आले तर खालच्या जिन्यातच भोंगा ऐकू आला. त्यात नवीन काही नव्हतं. पण ती कशासाठी रडते ते मला आवाजावरून कळतं, भुकेचं वेगळं, पडल्याचं वेगळं, आणि हे रडणं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ते मी ओळखलं मात्र लगेच. मी जिना धावत चढले.

नवरा आतल्या खोलीत पहाटपाळीची झोप काढत होता, ढाराढूर. बाहेरच्या खोलीत बाबा स्टुलावर बसले होते, काठी मांडीवर, आणि त्यांच्या मुठीत ते जनावर. भोंगा त्यांच्या पुढ्यात फरशीवर पालथी पडून पाय आपटत होती. तिच्याजवळ माझी ओढणी होती, घडी घालून, मधे एक छोटासा खळगा केलेली. त्यात तिनं त्याला निजवलं होतं. बाबा तिच्याकडे बघत होते, घड्याळजी उघड्या घड्याळाकडे बघतो तसे.

"बाबा, मी काय सांगितलं होतं?"

"ऐकलं होतं मी."

"मग?"

"मग काय? काम पुरं झालं. परीक्षा नको?"

मला वाटतं, मी त्या वाक्याची आयुष्यभर वाट बघत होते. मी पर्सही खाली ठेवली नाही. म्हणाले, "तुमची परीक्षा कधी झालीच नाही, बाबा. एकदाही नाही. घोड्याच्या वेळी मी नाटक केलं. गलबताच्या वेळी केलं, मेंढीच्या वेळी केलं. हात हलवायचे मी मुद्दाम, तुम्ही करवत घेऊ नये म्हणून. मला आवडलं ते मी पास केलं आणि नाही आवडलं ते कापायला लावलं. तुमचं सगळं शास्त्र एका पोरीच्या सोंगावर उभं आहे. सांगा त्या बाईंना, छापा म्हणावं तुमच्या नावाखाली."

मला वाटलं होतं ते ओरडतील, किंवा त्यांचा चेहरा उतरेल. कितीतरी वेळा मी हा प्रसंग मनात घोळवला होता, आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा उतरायचा.

"माहीत आहे की," बाबा म्हणाले.

भोंगा रडतच होती. मी म्हणाले, "काय माहीत आहे?"

"हेच. नको असलेल्याला तू मोकळ्या गळ्यानं रडायचीस. हवं असलेल्याला हात हलवायचीस. हाताचं काय, हात कुणीही हलवतो. मी तुझी हनुवटी बघायचो." त्यांनी काठीच्या टोकानं स्वतःची हनुवटी दाखवली. "दातावर दात ठेवायचीस ना, तेव्हा इथे खळगा पडायचा. त्यावरून कळायचं. घोड्याच्या वेळी तर मला वाटलं, पोरीचा दात तुटतो आता."

"आणि तरी नेलात?"

"म्हणून तर नेला. इतका घट्ट जबडा परत कधी पाहिला नाही मी."

"मग ते हातात उरलेला खेळ वगैरे?"

"ते लोकांना सांगायला बरं पडतं. मी तरी कुठे खेळायचो रस्त्यानं? आईनं बघावं म्हणून हात हलवायचो. नाहीतर तीच रडायला लागायची." हे ते अगदी सहज बोलले, दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसे. मग त्यांनी काठीनं भोंग्याकडे बोट केल्यासारखं केलं. "हिचा मात्र काही उपयोग नाही. ही सगळ्यालाच सारखी रडते. परवा साबणाची वडी काढून घेतली तरी रडली. काल चमचा घेतला. हिला लपवणं म्हणून येतच नाही. कसली शिकवण दिलीस काय की."

परवा. काल. म्हणजे रोज चाललं होतं. पण त्या क्षणी मी तिथवर पोचलेच नव्हते. मी अजून हनुवटीपाशीच होते. एवढी वर्षं मी समजत होते की माझ्या आत एक जागा आहे जिथे ह्या माणसाचा हात पोचला नाही. तिथे मी त्या खेळण्यांना लपवून, वाचवून, जपून ठेवलं होतं. आणि हा माणूस रोज तिथूनच माल उचलत होता. मी जेवढं घट्ट धरलं तेवढं त्याला ते जास्त मोलाचं वाटलं. त्या अस्वलाला मी वेड्यासारखी उघड रडले, म्हणून ते कापलं, आणि घोड्याला रडले नाही, म्हणून तो विकला. मला काहीच वाचवता आलं नव्हतं.

भोंगा फरशीवर हुंदके देत होती. बाबांनी मूठ उघडली, जनावर तळव्यावर पोटावर टेकलं आणि सावकाश कुशीवर वळलं, आणि मी ते बघितलं. बघू नये असं ठरवूनही बघितलं. मान वर केली तेव्हा बाबा जनावराकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, जरा पुढे वाकून, डोळे बारीक करून, माझ्या तोंडाच्या खालच्या भागाकडे.

"हं," ते समाधानानं म्हणाले. "म्हणजे चांगलं झालंय."

तेव्हा मला माझे दात कळले. दाढा दुखत होत्या.

मी पर्स टाकली, भोंग्याशेजारी फरशीवर बसले आणि रडले. तोंड उघडून, मोठ्यानं, नाक न पुसता. सुरुवातीला जमत नव्हतं, घशातून नुसताच आवाज येत होता, गंजलेला नळ सोडल्यावर येतो तसा. मग आलं. मी त्या अस्वलाचं रडले, घोड्याचं रडले, बाबांच्या मुठीतल्या त्या दमलेल्या जनावराचंही रडले. भोंगा दचकून गप्प झाली. आई असं करते हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं, आणि मग मला एकटं वाटू नये म्हणून की काय, तिनं पुन्हा गळा काढला.

आतून नवरा लुंगी सावरत धावत आला. खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, काय झालं. बाबा स्टुलावर ताठ बसले होते. त्यांनी माझ्या हनुवटीकडे पाहिलं, मग भोंग्याच्या, मग पुन्हा माझ्या.

"अगं, हे काय? असं नको रडू," ते म्हणाले. "असं रडलीस तर मला कळणार कसं?"

मी रडत राहिले.